‘अरेंज’ : रणांगणावर घडलेले क्रियापद आणि असईचा संग्राम

१/
‘मीटिंग अरेंज करा’, ‘गाडी अरेंज झाली का?’, ‘अरेंज मॅरेज आहे’. हे इंग्रजी क्रियापद मराठी बोलण्यात इतके मुरले आहे की ते परके वाटतच नाही. मात्र त्याचा मूळ अर्थ फुलदाणीशी, खुर्च्यांशी वा लग्नाशी निगडित नव्हता. त्याचा पहिला अर्थ होता सैन्य लढाईसाठी रांगेत उभे करणे. या मूळ अर्थाचे एक अत्यंत बोलके उदाहरण जालना जिल्ह्याच्या मातीत घडले. गाव असई, दिनांक २३ सप्टेंबर १८०३. 🧵

२/
आधी शब्दाचे कुळ पाहू. जुन्या फ्रेंच भाषेत ‘ओळ’ या अर्थाचा एक शब्द होता. त्याचे मूळ जर्मानिक, आणि ते ‘रिंग’ म्हणजे वर्तुळ या शब्दाच्या घराण्यातले. त्याच ओळीवरून ‘रँक’ आणि ‘रेंज’ हे शब्द आले आणि उपसर्ग लागून ‘अरेंज’ हे क्रियापद सिद्ध झाले. चौदाव्या शतकाच्या सुमारास ते इंग्रजीत उतरले, ते ‘युद्धासाठी फळी धरणे’ हा अर्थ घेऊनच.

३/
पुढे कित्येक शतके हा शब्द इंग्रजीत विरळच राहिला. ‘वस्तू नीट क्रमाने ठेवणे’ हा सर्वसाधारण अर्थ रूढ झाला तो अठराव्या शतकाच्या अखेरीस. त्यातूनच ‘आधी ठरवून ठेवणे’, ‘सोय करणे’, ‘एका वाद्यासाठीचे संगीत दुसऱ्या वाद्यांसाठी बसवणे’ हे अर्थ फुटले. म्हणजे हा शब्द रणांगण सोडून दिवाणखान्यात स्थिरावत होता, त्याच सुमारास असईच्या माळावर त्याचा मूळ अर्थ तोफांच्या धुरात पुन्हा सिद्ध होत होता.

४/
त्याचा एक शेजारी शब्दही ओळखून ठेवावा : ‘डिप्लॉय’. हाही फ्रेंचमधून आला आणि याचा मूळ अर्थ आहे घडी उलगडणे. अठराव्या शतकातील पायदळ रस्त्याने लांबट स्तंभाच्या आकारात चाले. शत्रू समोर आला की तो स्तंभ उलगडून आडवी रांग केली जाई. घडी मोडून कापड पसरावे तसे. ही उलगड वेळेत झाली तर सैन्य सर्व बंदुकांनी मारा करू शके. ती फसली तर चालत्या स्तंभावर तोफेचा एकेक गोळा आरपार जाई. असई समजण्यासाठी एवढे युद्धशास्त्र पुरेसे आहे.

५/
मराठीत या सगळ्यासाठी एकच क्रियापद नाही, आणि हेच मराठीचे वैभव आहे. डाव मांडतात, संसार मांडतात, हिशेब मांडतात. पुस्तके लावतात, तोफा लावतात. पंगत बसवतात. लग्न जुळवतात किंवा जमवतात. काव्य रचतात, गवताची गंजी रचतात आणि व्यूहही रचतात. सैन्य मात्र उभे करतात. वस्तू कोणती, ती किती काळ तशी राहणार आणि ती रचना कशासाठी, यावरून क्रियापद बदलते. इंग्रजीतील एका ‘अरेंज’ने हे सारे बारकावे झाकले जातात.

६/
‘व्यूह’ हा शब्दही पाहण्यासारखा आहे. ‘वि’ आणि ‘ऊह्’ या घटकांतून तो बनला; अर्थ आहे वेगवेगळे करून योग्य जागी ठेवणे. चक्रव्यूह म्हटले की महाभारत आठवते, पण शब्दाच्या पोटात मांडणीच आहे. ‘मोर्चा’ हा फारसी वंशाचा शब्द. जुन्या कागदांत ‘किल्ल्यास मोर्चे लावले’ असे येते, तेव्हा तोफा व बंदूकधारी यांच्या आडोशाच्या जागा अभिप्रेत असतात. आज तोच शब्द घोषणा देत रस्त्याने निघतो.

७/
अठराव्या शतकातील लष्करी मराठी तर उसन्या शब्दांचे संग्रहालयच आहे. ‘कवायत’ अरबी, मूळ अर्थ नियम. ‘तैनात’ हाही अरबी, मूळ अर्थ नेमणूक. ‘बंदोबस्त’ फारसी, शब्दशः बांधणे व बांधलेले. ‘पलटण’ आणि ‘गारदी’ युरोपीय भाषांतून आले. ‘कंपू’ हा ‘कॅम्प’चा मराठी अवतार; शिंद्यांच्या कवायती पायदळाच्या ब्रिगेडींना हेच नाव होते. देवाणघेवाण दुतर्फा होती : ‘बंदोबस्त’ हा शब्द हिंदुस्थानातील इंग्रजांनी ‘व्यवस्था’ या अर्थाने आपल्या बोलण्यात घेतला.

८/
शब्द उसने आले, कारण पद्धतच उसनी घेतली गेली होती. १७८४ नंतर महादजी शिंदे यांनी द बॉइन या सेनानीकडून युरोपीय धर्तीचे पायदळ आणि तोफखाना उभारला. गनिमी काव्याचे बळ रांग न धरण्यात होते : चपळ घोडदळ, अचानक हल्ला, झटपट माघार. कंपूचे बळ नेमके उलट, म्हणजे रांग न मोडण्यात. पानिपतावर १७६१ मध्ये गोलाची रचना विस्कटल्यावर काय ओढवले, ते मराठी मुत्सद्द्यांच्या स्मरणात होते.

९/
आता १८०२. २५ ऑक्टोबर रोजी यशवंतराव होळकरांनी पुण्याजवळ दुसरा बाजीराव आणि दौलतराव शिंदे यांच्या संयुक्त फौजेचा पराभव केला. बाजीराव इंग्रजांच्या आश्रयाला गेला आणि ३१ डिसेंबर १८०२ रोजी वसईचा तह झाला. कंपनीचे किमान ६,००० पायदळ पेशव्याच्या मुलखात कायमचे राहणार, हे त्यातील कलम. हीच ‘तैनाती फौज’. ‘नेमून दिलेली’ एवढाच निरुपद्रवी अर्थ असणाऱ्या शब्दाआड एका सत्तेचे स्वातंत्र्य संपत होते.

१०/
दौलतराव शिंदे आणि नागपूरकर दुसरे रघूजी भोसले यांना हा तह मान्य होणे शक्य नव्हते. ऑगस्ट १८०३ मध्ये युद्धाला तोंड फुटले. मेजर जनरल आर्थर वेलस्लीने १२ ऑगस्टला अहमदनगरचा किल्ला घेतला. वय ३४, पुढे वॉटर्लूवर नेपोलियनला हरवणारा ड्यूक ऑफ वेलिंग्टन तो हाच. दुसरी इंग्रज तुकडी कर्नल स्टीव्हन्सनच्या हाताखाली होती. शिंदे-भोसल्यांचा रोख निजामाच्या मुलखाकडे वळल्यावर युद्धाचे केंद्र गोदावरीच्या उत्तरेस, आजच्या जालना जिल्ह्यात सरकले. जालना शहर स्टीव्हन्सनने जिंकून घेतले.

११/
२१ सप्टेंबरला बदनापूर येथे वेलस्ली आणि स्टीव्हन्सन भेटले. बेत असा : डोंगराच्या दोन बाजूंनी दोन वाटांनी जायचे आणि २४ तारखेला भोकरदनच्या आसपास मराठा फौजेवर मिळून तुटून पडायचे. कागदावर मांडणी निर्दोष होती. तथापि २३ तारखेला मुक्कामाच्या जागी पोहोचताच वेलस्लीला कळले की शत्रू अपेक्षेपेक्षा कितीतरी जवळ, अवघ्या काही मैलांवर, केळना आणि जुई या नद्यांच्या मधल्या चिंचोळ्या पट्ट्यात आहे. स्टीव्हन्सन दूर होता. वेलस्लीने त्याची वाट पाहिली नाही.

१२/
‘५० हजारांविरुद्ध साडेचार हजार’ हा आकडा अनेक ठिकाणी दिसतो. तो उलगडून वाचला पाहिजे. मराठा बाजूस एकूण संख्या सुमारे ५०,००० धरली जाते, परंतु त्यात बहुसंख्य हलके घोडदळ आणि बिनकवायती पायदळ होते. कवायती पायदळ सुमारे १०,८००, आणि शंभराहून अधिक तोफा. इंग्रज बाजूस सुमारे ४,५०० कवायती सैनिक, शिवाय म्हैसूर व पेशव्याचे मिळून सुमारे ५,००० स्वार. म्हणजे पेशव्याचे मराठी स्वार या दिवशी शिंद्यांच्या विरुद्ध बाजूस होते.

१३/
कवायती पायदळाचे नेतृत्व अँथनी पोलमन या हॅनोव्हरच्या जर्मन सेनानीकडे होते. एके काळी तो कंपनीच्याच सैन्यात सार्जंट होता. त्याच्या आठ पलटणी, सरधन्याच्या बेगम समरूच्या पाच पलटणी आणि द्युपाँ नावाच्या डच अधिकाऱ्याच्या चार, अशी ही फौज होती. उलटपक्षी वेलस्लीच्या पायदळात स्कॉटिश पलटणी दोनच; बाकीचे मद्रासचे शिपाई. ‘इंग्रज विरुद्ध मराठे’ ही मांडणी सोयीची खरी, पण रांगांत उभ्या असलेल्या माणसांचा हिशेब तीत बसत नाही.

१४/
एक घाव मात्र लढाईआधीच बसला होता. शिंद्यांच्या नोकरीतील ब्रिटिश अधिकाऱ्यांनी ती सोडून यावे, त्यांची सोय लावली जाईल, असे जाहीर आवाहन कंपनीने केले होते. अनेक अधिकारी निघून गेले. कवायती फौजेत अधिकारी हा रांगेचा मणका असतो. हुकूम त्याच्याकडून पलटणीत उतरतो. शिपाई तेच, तोफा त्याच, पण मधले दुवे निखळले. उसन्या पद्धतीबरोबर उसनी माणसे घेतल्याची किंमत नेमक्या वेळी मोजावी लागली.

१५/
मराठा फौज केळनेच्या उत्तर काठावर दक्षिणेकडे तोंड करून उभी होती. समोर नदी, तिचे काठ उंच. समोरून हल्ला म्हणजे आत्मघात. वाटाड्यांनी सांगितले की जवळपास दुसरा उतार नाही. वेलस्लीने पूर्वेकडे पाहिले, तर नदीच्या दोन तीरांवर समोरासमोर दोन गावे दिसली. इंग्रजी कागदांत त्यांची नावे पिपलगाव व वरूर अशी आहेत. दोन गावे अशी समोरासमोर वसली असतील तर मधे जाण्यायेण्याचा उतार असलाच पाहिजे, हा त्याचा तर्क. उतार होता. भूगोल वाचण्याचा हा धडा आजही लष्करी इतिहासात सांगितला जातो.

१६/
दुपारी इंग्रज फौज उतारावरून पलीकडे गेली. तोफांचे गोळे पडू लागले. नदी ओलांडताना वेलस्लीच्या शेजारच्या स्वाराचे डोके गोळ्याने उडाले. बेत स्पष्ट होता : मराठा रांग दक्षिणेकडे तोंड करून आहे, तेव्हा पूर्वेकडून तिच्या उघड्या बगलेवर कोसळायचे. रांगेचे सारे सामर्थ्य तिच्या तोंडाच्या दिशेला असते. बगलेला ती दुबळी असते. हा बेत साधला असता तर लढाई फार लवकर संपली असती.

१७/
येथे पोलमनने जे केले त्याने वेलस्ली थक्क झाला. संपूर्ण कवायती फळी, तोफांसह, काटकोनात फिरवली गेली. दक्षिणमुखी रांग पूर्वमुखी झाली. उजवे टोक केळनेला टेकलेले, डावे टोक जुईकाठच्या असई गावाशी. रांग सुमारे एक मैल लांब. हजारो माणसे आणि बैलांनी ओढल्या जाणाऱ्या तोफा शत्रू समोर असताना अशा वळवणे हे अत्यंत कठीण काम. शिंद्यांच्या पलटणी कवायतीत कोणत्याही युरोपीय फौजेच्या तोडीच्या होत्या, याचा हा पुरावा.

१८/
आता वेलस्लीलाच आपली मांडणी बदलणे भाग पडले. समोरची रांग लांबल्याने त्याला स्वतःची रांग उजवीकडे ताणावी लागली. उजव्या टोकाला कर्नल ऑरॉकच्या हाताखालील पहारेकरी तुकड्या होत्या आणि त्यांच्यामागे ७४ वी स्कॉटिश पलटण. असई गावात मराठा पायदळ व तोफा दाटून होत्या, म्हणून गावापासून अंतर राखायचे होते. ऑरॉकने हुकूम चुकीचा समजून तुकड्या थेट गावाच्या रोखाने नेल्या. ७४ वी पलटण त्यांच्यामागोमाग गेली. रांगेत खिंडार पडले.

१९/
परिणाम भयंकर झाला. गावातल्या आणि रांगेतल्या तोफांचा मारा एकाच वेळी, मागोमाग मराठा घोडदळाचा हल्ला. उरलेल्या शिपायांनी मृतदेहांच्या आडोशाने चौकोन धरला. कर्नल मॅक्सवेलचे घोडदळ धावून आले म्हणून ती पलटण नामशेष झाली नाही. सुमारे ५०० पैकी सुमारे ४०० जण ठार वा जखमी. एका हुकुमाचा एक गैरसमज, काही मिनिटांची विस्कटलेली रचना आणि एवढी जीवहानी. रणांगणावर ‘अरेंज’ हा शब्द किती जड असतो, याचे हे मोजमाप.

२०/
दक्षिणेकडच्या टोकाला ७८ वी स्कॉटिश पलटण आणि मद्रासचे शिपाई तोफांच्या रांगेवर संगिनी घेऊन चालून गेले. गोलंदाज तोफांपाशी लढत पडले. तथापि फळी पुढे सरकताच, मृत समजून मागे सोडलेले कित्येक गोलंदाज उठले, तोफा उलट्या फिरवल्या आणि इंग्रजांच्या पाठीवर मारा सुरू केला. वेलस्लीला स्वतः परत फिरून त्या तोफा पुन्हा जिंकाव्या लागल्या. त्याच्या अंगाखालचे दोन घोडे त्या दिवशी कामी आले. मॅक्सवेल पुढच्या हल्ल्यात ठार झाला.

२१/
संध्याकाळपर्यंत मराठा पायदळ जुईपलीकडे हटले. विशाल हलके घोडदळ बहुतांश काळ पाहत राहिले. एका विभागाची रचना दुसऱ्याशी जोडणारा हुकूमच नव्हता. ९८ तोफा इंग्रजांच्या हाती लागल्या. इंग्रज बाजूची हानी ४२८ ठार, १,१३८ जखमी, १८ बेपत्ता. म्हणजे कवायती फौजेचा जवळपास तिसरा हिस्सा. पाठलाग करण्याचे त्राण उरले नव्हते. जखमींसाठी पुढे अजिंठ्याला रुग्णालय उभारावे लागले.

२२/
मराठा बाजूची हानी मात्र ‘सुमारे ६,०००’ अशी सांगितली जाते. हा जेत्यांचा अंदाज. एकीकडे शेवटच्या माणसापर्यंत मोजलेला आकडा, दुसरीकडे हजारांत गोळाबेरीज. शिस्तबद्ध नोंद हीदेखील एक मांडणीच असते. ज्याची ती टिकते त्याचे मृत मोजले जातात, दुसऱ्याचे अदमासाने सांगितले जातात. तोफांपाशी पडलेल्या त्या गोलंदाजांच्या शौर्याची कहाणी आज मुख्यतः त्यांच्या शत्रूंच्या लेखणीतून वाचावी लागते.

२३/
पुढील घटना वेगाने घडल्या. २९ नोव्हेंबरला अडगावची लढाई, १५ डिसेंबरला गाविलगड पडला, १७ डिसेंबरला भोसल्यांशी देवगावचा तह, ३० डिसेंबरला शिंद्यांशी सुर्जी-अंजनगावचा तह. आयुष्यातील सर्वोत्तम लष्करी कामगिरी कोणती, असे विचारले असता वेलिंग्टनने वॉटर्लू नव्हे, असईचे नाव घेतले, असे सांगतात. लढलेल्या पलटणींना ‘असई’ या नावासह हत्तीचे चिन्ह मिळाले. भारतीय सैन्यातील मद्रास रेजिमेंटच्या बोधचिन्हात तो असईचा हत्ती आजही आहे.

२४/
शब्दांच्या कथेचा एक धागा याच काळात पुढे गेला. कंपनीच्या सैन्यातील अधिकारी जेम्स मोल्सवर्थ याने पंडितांच्या आणि जॉर्ज व थॉमस कँडी या बंधूंच्या साहाय्याने मराठी-इंग्रजी कोश सिद्ध केला. पहिली आवृत्ती १८३१, दुसरी १८५७. ज्या फौजेने मराठी सत्ता मोडली तिच्यातील एका अधिकाऱ्याने मराठी शब्द वर्णक्रमाने लावून ठेवले. ‘मांडणे’, ‘लावणे’, ‘रचणे’ यांच्या छटा तपासायच्या तर अभ्यासक आजही तोच कोश उघडतात.

२५/
मांडणीचे दुसरे, शांत उदाहरणही याच जिल्ह्याशी जोडलेले आहे. समर्थ रामदासांचा जन्म १६०८ मध्ये जांब येथे झाला; हे गाव आज जालना जिल्ह्यात आहे. त्यांच्या दासबोधाची रचना पाहावी : २० दशक, प्रत्येकात १० समास, एकूण २०० समास. त्यात लेखनक्रियेवर एक स्वतंत्र समास आहे. अक्षर सुवाच्य व एकसारखे कसे काढावे, ओळी नेटक्या कशा राखाव्यात, याचे त्यात मार्गदर्शन आहे. कागदावरची ओळही रांगच. तिला धरून ठेवण्यासही कवायत लागतेच.

२६/
म्हणून जुने इंग्रजी लष्करी कागद वाचताना दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. एक, ‘अरेंज’चा आजचा सौम्य अर्थ मनातून बाजूला ठेवावा, रांग कोणत्या दिशेला तोंड करून आहे आणि तिची बगल कशावर टेकली आहे, ते आधी शोधावे. दोन, सैन्याच्या एकूण आकड्यापेक्षा त्यातील किती जण एका हुकुमाने हलू शकत होते, ते पाहावे. असईला निकाल या दुसऱ्या संख्येने लावला.

२७/
जालना जिल्हा १ मे १९८१ रोजी अस्तित्वात आला. असईची लढाई त्याच्या १७८ वर्षे आधीची. केळना व जुईच्या मधला तो पट्टा आज शेतीचा आहे. पावसाळा सरताना, २३ सप्टेंबरच्या सुमारास तेथे उभे राहिले तर ज्या भूमीवर दोन फौजांनी काही तासांत आपल्या रांगा फिरवल्या, तेथे पिकांच्या सरळ ओळी दिसतात. मराठीत त्यांना तास म्हणतात.

थ्रेड समाप्त.